क्रीडावाणी, एगैला केंद्र आणि एक जाहीर कोंबडा

सर्व श्रोत्यांना, माजी श्रोत्यांना आणि ज्यांच्या कानांवर आम्ही कधी पडलोच नाही अशा उर्वरित दुर्दैवी मानवजातीला अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, कुवेतमधलं एकमेव मराठी क्रीडा-रेडिओ केंद्र एगैला इथल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, शिवणयंत्र आणि चपलांचं कपाट यांच्या मधल्या जागेत स्थापन झालं होतं. कृपया उभं राहावं. या केंद्राला मनोरा नव्हता, लहरी नव्हत्या, बोधचिन्ह नव्हतं, आणि काटेकोरपणे बोलायचं तर तो रेडिओही नव्हता. एक संगणक होता, त्याला जोडलेला माइक होता आणि माइकला चिकटलेली मी होते. तरीही आम्ही त्याला रेडिओच म्हणायचो. आजही कुणी मला "म्हणजे ते इंटरनेटवरचं कॉलिंग होतं ना?" असं विचारलं, तर मी त्याला दुसऱ्यांदा भात वाढत नाही.

केंद्राच्या स्थापनेचं श्रेय आमच्या बिघडलेल्या एसीला आहे. तो दुरुस्त करायला सूर्या आला. सूर्या हा आंबेखोलचा. कोकणातल्या त्या गावातली निम्मी तरणी पोरं तेव्हा कुवेतमध्ये कुठे ना कुठे पाइप जोडत, लाकूड तासत किंवा डक्ट बसवत होती, आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अर्दियाच्या गोदामांमागच्या वाळूवर टेनिसच्या चेंडूनं क्रिकेट खेळत होती. सूर्याच्या बोटाला प्लास्टर होतं, म्हणून तो त्या मोसमात खेळत नव्हता. एसीचं झाकण लावता लावता त्याचं लक्ष आमच्या संगणकाकडे गेलं. "बाय," तो मला म्हणाला, "ह्येच्यावरून आमच्या तिठ्यावरच्या बाबल्याशी बोलूक येता?" आंबेखोलच्या तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, बाबल्यानं नुकतंच इंटरनेटचं दुकान टाकलं होतं. मी जोडून दिलं. खरखरीतून बाबल्याचा आवाज आला: "सूर्या, कालची मॅच कशी झाली रे?"

"हरलो," सूर्या म्हणाला.

"अरे, जरा सविस्तर सांग!"

सूर्यानं खूप विचार केला. "सविस्तर हरलो."

हे माझ्यानं ऐकवेना. मी तेव्हा बारावीत होते आणि मला न विचारता बोलण्याची खोड होती, जी अजून आहे. मी सूर्याला एकेक प्रश्न विचारत गेले, कोण खेळत होतं, चेंडू कुठे गेला, कोण धावला, कोण पडला, आणि त्याच्या एका-एका शब्दाचं एक-एक वाक्य करून माइकमध्ये सोडत गेले. थोड्या वेळानं बाबल्याच्या मागून खाकरण्याचे, बाकडं ओढल्याचे, कुणीतरी कुणाला "गप रे" म्हटल्याचे आवाज यायला लागले. दुकानात माणसं जमली होती. काल हरलेली मॅच मी तासभर सांगितली. शेवटी हरल्यावर आंबेखोलनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कानात घेऊन मी आईकडे वळले आणि म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी ताजी मॅच."

ताज्या मॅचमध्ये एक अडचण होती. मॅच अर्दियाला आणि संगणक एगैलाला. मधे अख्खं शहर. मग आम्ही जी पद्धत काढली ती मी आज अभिमानानं सांगते, कारण तिची नक्कल करायला कुणी धजावलं नाही. इंटरनेट चालू केलं की घरचा फोन अडकायचा, म्हणून सूर्या मैदानावरून आईच्या मोबाइलवर फोन करायचा. तो मोबाइल मी आईच्या ओढणीनं डोक्याभोवती, कानावर घट्ट बांधून घ्यायची. दाढ दुखणाऱ्या माणसासारखी दिसायची. एका कानात सूर्या, समोर माइक. सूर्या बातमी द्यायचा, आणि बातमी म्हणजे अशी:

"मारल्यान."

"कुठे?"

"थय."

"थय म्हणजे कुठे, सूर्यादादा?"

"गोदामाकडे."

आणि मी माइकमध्ये: "गोलंदाज धावत आला, वाळू उडाली, चेंडू टप्पा घेऊन उसळला आणि देऊळवाडीच्या महादेव घाडीनं, सुतार माणूस आहे, फळीवरचा खिळा ठोकावा तसा तो सरळ गोदामाच्या दिशेनं ठोकला!" त्याच क्षणी माझ्या मागे आई पोळपाटावर लाटणं हाणायची. बॅटचा आवाज. त्रिफळा उडाला की ती आमटी वाढायचे तीन डाव एकदम फरशीवर टाकायची. प्रेक्षकांसाठी ताटात हरभऱ्याची डाळ घोळवायची, आणि फारच मोठा फटका असला की कुकरची शिट्टी हातानं उचलायची. सूर्याच्या "मारल्यान"पासून आईच्या लाटण्यापर्यंत जेमतेम एक श्वास जायचा. माझा मुलगा परवा हे ऐकून म्हणाला, "मम्मा, सो बेसिकली यू फेक्ड इट." मी त्याला विचारलं की चेंडू खरा होता का, फटका खरा होता का, महादेव घाडी खरा होता का. तो म्हणाला, "येस, बट द साउंड वॉज अ रोलिंग पिन." हो, होतं लाटणं. बॅटचा आवाज अर्दियाहून आणायला आमच्याकडे काय उंट होता?

आमचं घर मूळचं परभणीचं. बाबा कुवेत सिटीत एका व्यापारी कंपनीत हिशेबाला होते. सडपातळ, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे, आणि आवाजाला अत्यंत भिणारे. परक्या मुलुखात माणसानं कसं राहावं याविषयी त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं आणि ते एकाच शब्दात मावायचं: हळू. दार हळू. टीव्ही हळू. "हळू हास गं, हारिस वर येईल." हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार, तो बिचारा कधीही कशासाठीही वर आला नाही, पण बाबांच्या मनात तो कायम जिन्यातच उभा असायचा. शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून रस्ते पुन्हा हलायला लागले की आम्ही जेवायला बसायचो. गावाहून आलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, पीठ संपलं असेल तर कोपऱ्यावरच्या बेकरीतलं गरम खुबूस आणि त्याच्याबरोबर पिठलं, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. एसी घरघरायचा, खाली कुणीतरी गाडी धुवायचा, आणि बाबा घास हातात धरून मला म्हणायचे, "वैजू, आज जरा कमी ओरड. मागच्या खेपेला किती बोंबलायलीस, मला बाथरूममध्ये ऐकू यायलं." मी म्हणायची, "बाबा, तुम्हाला एगैलात ऐकू येतं, पण मला आंबेखोलला ऐकू जायला हवं." आई हसायची आणि लाटणं धुऊन ठेवायची.

आता कोंबड्यांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून झालं. कोकणात गावच्या मैदानावर मॅच असली की समालोचक नुसता धावा सांगत नाही. तो खेळाडूचं नाव वाडीसकट घेतो, त्याच्या आज्याचं टोपणनाव काढतो, आणि बघणाऱ्यांपैकी कुणी बक्षीस लावलं तर ते पुकारतो: पुढच्या षटकाराला अमक्याकडून नारळ, या बळीला तमक्याकडून फणस. बाबल्यानं दुकानाबाहेरच्या जांभळीवर कर्णा बांधला आणि दुकानातला माइक बाहेर आणला, तेव्हा ही रीत समुद्र ओलांडून आमच्या हॉलमध्ये शिरली. तिठ्यावर चहा पीत बसलेली माणसं तिकडून ओरडायची, "पुढच्या छक्क्याक माझ्याकडून एक कोंबडो!" मी इकडे पुकारायची. सूर्या ते अर्दियात मैदानावर ओरडून सांगायचा. महादेव घाडी षटकार मारायचा. आणि कोंबडा? कोंबडा आंबेखोललाच, महादेव अर्दियात. तो रजेवर जाईपर्यंत कोंबडा लावणाऱ्यानं सांभाळायचा. एका मोसमात आंबेखोलच्या अंगणा-अंगणांत कुवेतमधल्या फलंदाजांच्या नावाचे कोंबडे फिरत होते, त्यांना त्या-त्या नावानं हाका मारल्या जात होत्या, आणि त्यांना कापायची सोय नव्हती. त्यातले काही वार्धक्यानं गेले, अशी माझी माहिती आहे.

यात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मला पहिल्याच महिन्यात सूर्यानं बजावला होता: "बाय, लावलेला बक्षीस पुकारूकच व्हया. पुकारलंस नाय, तर लावणाऱ्याचो अपमान. आणि नुसतो त्येचो नाय, अख्ख्या वाडीचो." म्हणून मी कुणाची पेंडीभर शेवग्याच्या शेंगाही कधी गाळली नाही.

नाव-वाडीसकट पुकारण्याचे तोटेही होते. एका शुक्रवारी मी देऊळवाडीच्या एका गड्याचे तीन झेल फार रंगवून सांगितले आणि तिकडून एका बाईचा थंड आवाज आला: "ह्यो तर आज ओव्हरटायमाक गेललो मा?" त्यानंतर काही खेळाडूंनी मला आधी येऊन आपापली घरची परिस्थिती सांगायला सुरुवात केली. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: झेल घेतलास तर नाव घेणार, ओव्हरटाइमला गेला असशील तर झेल घेऊ नकोस.

अशा रीतीनं आमची कीर्ती वाढत गेली आणि एके दिवशी मोकाशीसाहेबांच्या कानावर पडली. मोकाशीसाहेब हे आमच्याकडच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. उंच, देखणे, बोलायला लागले की आपल्याच वाक्याकडे कौतुकानं बघणारे. ते एवढंच असते तर मी त्यांना केव्हाच माझ्या समालोचनात घेतलं असतं. पण ते बाबांच्या कंपनीत हिशेब विभागाचे प्रमुखही होते. बाबांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दर खेपेला नवा व्हायचा तो त्यांच्या शिफारशीच्या सहीनं. त्या वर्षी अंतिम सामना आंबेखोल आणि कुवेत सिटीतल्या बँकवाल्यांच्या, संगणकवाल्यांच्या संघात होणार होता, आणि मंडळ त्याचं यजमान होतं. प्रमुख पाहुणे येणार होते. पाहुण्यांचे पुण्यातले नातेवाईकही संगणकावरून समालोचन ऐकणार होते.

बाबा त्या बुधवारी घरी आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले. "मोकाशीसाहेब म्हणायलेत," ते म्हणाले, "फायनलचं समालोचन ते स्वतः करणार. आपल्या घरी येऊन."

"इथे?" आई म्हणाली. "मग मी नाश्त्याला काय करू?"

"मी कुठे बसू?" मी म्हणाले.

"तू बसायचं नाही. ते म्हणाले, वयात आलेली, चांगल्या घरची मुलगी, शंभर सड्या माणसांची नावं घेऊन ओरडते, बरं दिसत नाही. आणि वाड्या नकोत, टोपणनावं नकोत. कोंबडे तर अजिबात नकोत. मंडळाची प्रतिष्ठा आहे म्हणाले."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

बाबांनी बुटाची नाडी सोडायला घेतली. "मी म्हणालो, बरं."

मी त्या दिवशी जे काही बोलले ते हारिसला नक्कीच ऐकू गेलं असेल. बाबा मधे एकदाच बोलले. "वैजू, आपण इथं दुसऱ्याच्या सहीवर राहायलोय. एक शुक्रवार गप बस. एवढंच मागायलोय." त्यांचे डोळे पाहून मला थोडं हळू व्हावं लागलं. पण थोडंच. मी म्हणाले, "खुर्ची देईन त्यांना. गप बसायचं कबूल करत नाही." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि माझं लाटणं मी कुणाच्या बापाला देणार नाही."

शुक्रवारी मोकाशीसाहेब आले. सूट, टाय, आणि ऊदाच्या अत्तराचा असा घमघमाट की आमचा एसी शिंकला. हातात टाइप केलेले कागद. मी त्यांना माझी खुर्ची दिली, माइक दाखवला आणि आईची ओढणी पुढे केली.

"हे काय?"

"मोबाइल कानाला बांधायला. दोन्ही हात मोकळे लागतात."

"मी बांधत नसतो," असं म्हणून त्यांनी मोबाइल उजव्या हातात धरला, कागद डाव्या हातात धरले, आणि पान उलटायला हात उरला नाही. मी शिवणयंत्राच्या स्टुलावर बसून राहिले. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, आत नाही आणि बाहेरही नाही.

स्वागत छान झालं. आखाताच्या वाळूत फुललेलं मराठीचं नंदनवन वगैरे. मग खेळ सुरू झाला आणि मोबाइलमधून सूर्या, त्याला काय माहीत कोण ऐकतंय, नेहमीसारखा ओरडला, "बाय, पयलो गडी गेलो!"

"कोण बोलतंय? मी अध्यक्ष बोलतोय," मोकाशीसाहेब म्हणाले.

सूर्यानं "नमस्कार, साहेब" म्हटलं आणि त्यानंतर भीतीनं काहीच म्हटलं नाही. इकडे साहेबांना बोलायला काही मिळेना. "खेळ सुरू आहे," ते माइकमध्ये म्हणाले. थोडं थांबून, "खेळ सुरू आहे." मग पुन्हा थांबून, अतिशय गोड आवाजात, "खेळ... सुरूच आहे." पुण्यातल्या नातेवाइकांकडून कुणीतरी जांभई दिल्याचा आवाज आला. आंबेखोलहून बाबल्यानं अदबीनं विचारलं, "काका, बॅटिंगक कोण आसा?"

"एक फलंदाज," मोकाशीसाहेब म्हणाले.

असा अर्धा सामना गेला. सिटीवाल्यांनी बऱ्याच धावा केल्या, एवढं सूर्याकडून कसंबसं काढून घेण्यात आलं. मग आंबेखोलची फलंदाजी आली, पडझड झाली, आणि शेवटाकडे महादेव घाडी उभा राहिला. हे साहेबांनी "आता एक नवा गडी" असं सांगितलं. पण तिकडे तिठ्यावर लोकांना हिशेब कळत होता. कर्ण्याखालच्या गर्दीतून वाट काढत महादेवची आई बाबल्याच्या माइकपाशी आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा आवाज दर शुक्रवारी ऐकत होते. दमेकरी, चिरका, पण हुकमी. मुलगा कुवेतला गेल्यापासून ती त्याला आवाजानंही क्वचित भेटायची. शुक्रवारी माझ्या तोंडून त्याचं नाव ऐकायचं, एवढीच तिची गाठ.

"माझो महादेव आसा मा थय?" तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता म्हणाली, "झिलान आता छक्को मारल्यान, तर माझ्याकडून माझो तांबडो कोंबडो!"

मोकाशीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माइककडे पाहिलं. "बाई," ते म्हणाले, "या केंद्रावरून कोंबडे स्वीकारले जात नाहीत."

आंबेखोल गप्प झालं. मला तो गप्पपणा अजून आठवतो. एवढ्या माणसांचा आवाज अचानक बंद झाला की वाटतं वीज गेली. पण वीज गेली नव्हती, कारण त्यात म्हातारीचा श्वास ऐकू येत होता.

आणि मोबाइलमधून, अध्यक्षाबिध्यक्षाला विसरून, सूर्या किंचाळला: "मारल्यान! मारल्यान! गोदामाच्या छपरार!"

"षटकार," मोकाशीसाहेब म्हणाले. "सहा धावा." आणि त्यांनी पान उलटायचा प्रयत्न केला.

मी स्टुलावरून उठले. मी काही ठरवलं नव्हतं. मी साहेबांच्या खांद्यावरून वाकले, ऊदाच्या वासानं माझं नाक भरलं, आणि सगळा जोर लावून माइकमध्ये ओरडले: "देऊळवाडीचा महादेव घाडी! अर्दियाच्या गोदामाचं छप्पर! आणि या षटकाराला महादेवच्या आईकडून, स्वतःच्या हातानं वाढवलेला, तांबडा कोंबडा जाहीर!" मागून पोळपाटावर लाटणं असं कडाडलं की आमच्या पोळपाटाला तेव्हा गेलेला तडा आजही आहे. आंबेखोलमध्ये जो ओरडा झाला, त्यानं आमच्या स्पीकरची जाळी थरथरली.

मोकाशीसाहेबांनी मोबाइल आणि कागद टेबलावर टाकले आणि माइक दोन्ही हातांनी ओढून घेतला. तो बंद कसा करतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगणार नव्हते. ते दारातल्या बाबांकडे वळले. "देवणीकर! मुलीला आत घेऊन जा. उद्या ऑफिसात यायचं आहे ना तुम्हाला? तुमच्या इकाम्यावर सही कोण करतं, सांगा हिला. सांगा!"

हे सगळं आंबेखोलनं ऐकलं. पुण्यानंही.

आता, दोन षटकांच्या मधे समालोचकाला थोडा मोकळा वेळ असतो आणि त्यात तो धावफलक वाचून दाखवतो. तेवढं मी करून घेते. आंबेखोल हरलं. थोडक्यात हरलं, पण हरलं. मी त्यांची हार अशी सांगितली की तिठ्यावर फटाके लागले, आणि प्रमुख पाहुण्यांच्या पुण्यातल्या नातेवाइकांनी कळवलं की शेवटचा भाग फार छान होता, सुरुवातीला बोलणारे गृहस्थ कोण होते? दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीप्रमाणे ऑफिसला गेले, वरची गुंडी लावून. संध्याकाळी आले ते सांगत, की त्यांची बदली अर्दियाच्या गोदामात मालाच्या नोंदींवर झाली आहे. ती शिक्षा होती. बाबा तिथे पुढे निवृत्तीपर्यंत राहिले आणि गोदामातल्या हमालांशी इतक्या मोठ्यानं बोलायला लागले की आईला त्यांना हळू म्हणावं लागायचं. इकाम्याची सही अडली, लांबली, आम्ही आठवडेच्या आठवडे धास्तीत काढले, आईनं बॅगांवरची धूळसुद्धा पुसून ठेवली. आणि शेवटी सही झाली, कारण कंपनीच्या कुवेती मालकाला हिशेब जुळवणारा माणूस हवा होता, मंडळाच्या प्रतिष्ठेशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मंडळानं आम्हाला त्या वर्षीच्या दिवाळीला बोलावलं नाही. आम्ही घरी चकल्या केल्या. आंबेखोलची पोरं अर्दियाहून दोन गाड्या भरून आली आणि सगळ्या संपवून गेली.

क्रीडावाणी पुढे बरीच वर्षं चालली. ती कुणी बंद पाडली नाही. प्रत्येकाच्या खिशात चित्रं दाखवणारा फोन आला आणि माझी गरज संपली, एवढंच. आता शुक्रवारी सगळं गाव सरळ मॅचच बघतं. मी परवा एक पाहिली. चेंडू स्पष्ट दिसतो, माणसं स्पष्ट दिसतात, आणि मारणारा कुणाचा कोण, हे कुणीही सांगत नाही. मी मुलाला म्हणाले, आवाज वाढव. तो म्हणाला, "इट्स ऑन फुल, मम्मा." मला लोक विचारतात की ते सगळं एवढं महत्त्वाचं होतं का, एक कोंबडा, एक म्हातारी, एक टेनिसचा चेंडू, आणि त्यापायी बापाची नोकरी टांगणीला. मी म्हणते, हो. होतं. पुन्हा तसंच करीन, आणि या वेळी अजून मोठ्यानं.

षटक संपलं. पुन्हा त्या हॉलमध्ये या. मोकाशीसाहेब खुर्चीत अर्धे वळलेले, दोन्ही हातांत माइक. आई लाटणं घेऊन. मी उभी, श्वास फुललेला. आंबेखोल कान लावून. आणि स्वयंपाकघराच्या दारात बाबा, हातात साहेबांसाठी केलेल्या चहाचा ट्रे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आधी चहाचा ट्रे शिवणयंत्रावर ठेवला, कप सांडू नये म्हणून नीट सरकवला. मग शर्टाची वरची गुंडी सोडली. एवढी वर्षं साहेबांशी ते ऑफिसातली घडी घातलेली मराठी बोलत आले होते. ती कुठल्या कुठे गेली. माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात दारसुद्धा कधी आपटलं नव्हतं, उघड्या माइकवर, एगैला, अर्दिया, पुणे आणि आंबेखोलच्या तिठ्याला एकदमच ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

"नोकरी तुमची मी करायलोय, साहेब, तिनं नाही! उठा तिच्या खुर्चीवरून!"